बरोबर म्हणायचं राहून गेलं

त्या घरात मीठसुद्धा तीन वाक्यांत मिळायचं.

एकानं म्हणायचं, मीठ दे. दुसऱ्यानं म्हणायचं, मीठ देतो. मग पहिल्यानं "बरोबर" म्हटलं की बरणी हलायची, त्याआधी नाही. माई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, ही माणसं एकतर बहिरी आहेत नाहीतर वेडी. मग उलगडा झाला. नवरा अणुवीज केंद्रात कामाला होता आणि तिथं हुकूम असाच चालायचा. सांगितलेलं ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, तेव्हाच बटणाला हात लावायचा. भलताच व्हॉल्व्ह बंद झाला तर मग बसा बोंबलत. दादांनी ती सवय घरी आणली आणि ती लोणच्यासारखी मुरली. पुढं माईंनी ती आपल्या प्रसूतिगृहातही नेली. कात्री द्या, कात्री देते, बरोबर. त्यांच्या हाताखाली एकाही बाळाला चुकीची सुई टोचली गेली नाही, हे त्या रिटायर झाल्यावरही येईल त्याला ऐकवत.

पण या पद्धतीत एक खोट होती. सांगणारा रुसला की सगळंच ठप्प.

आणि दादा रुसले होते. चांगले मंगळवारपासून रुसले होते. निवृत्त शिफ्ट इनचार्ज, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, आणि रुसवा मात्र बालवाडीतला. पोटच्या मुलीशी बोलायचं नाही, पण तिच्यासमोर बसून बायकोला सांगायचं, "तिला म्हणावं, चहा निवतोय."

ती म्हणजे चिंगी. बाहेर तिच्या नावामागे दोन पदव्या होत्या, हाताखाली वीस इंजिनिअर होते, घरात ती चिंगीच होती. जुन्या केंद्राला लागून दोन नव्या अणुभट्ट्या उभ्या राहायच्या होत्या, जुन्या भट्टीच्या चौपट ताकदीच्या, आणि त्या एका परदेशी कंपनीच्या भागीदारीत. आपल्याकडच्या तुकडीची प्रमुख म्हणून चिंगीला नेमलं होतं. तीन वर्षं त्यांच्या देशात, मग परत इथं. उत्तर सोमवारी सकाळी द्यायचं होतं. ऑफिसात तिनं सांगितलं, घरी विचारून कळवते. साहेब हसले. छत्तीस वर्षांची बाई वडिलांना विचारणार! पण तिनं ते मनापासून म्हटलं होतं. माईंना तिनं स्वच्छ सांगितलं, की दादांचं "बरोबर" आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि हो म्हणायला मी किती उतावीळ आहे हे तुला माहीत आहे.

मंगळवारी तिनं विषय काढला. "परदेशी कंपनी" आणि "तीन वर्षं" एवढं कानावर पडताच दादा ताटावरून उठले. पुढचं तिच्या तोंडातच राहिलं.

माईंना त्यांचंही दुखणं ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी पहिली भट्टी उभी राहत होती तीही परक्यांच्याच मदतीनं. दादा तेव्हा कोवळे शिकाऊ होते आणि एका परदेशी इंजिनिअरच्या मागे शेपटासारखे फिरत. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरनं त्यांना पंपाच्या अंगावर हात ठेवून त्याची तब्येत ओळखायला शिकवलं, हुकूम परत म्हणायला शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं. मग दोन सरकारांचं कशावरून तरी फाटलं आणि एका सकाळी ती सगळी मंडळी बसमध्ये बसून निघून गेली. जाताना नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन गेली. दादा बसच्या खिडकीखाली उभे होते. मास्तरनं खिडकीबाहेर बघितलंही नाही.

पुढची अकरा वर्षं ती भट्टी कशी रखडत पुरी झाली ते सांगायला बसलं तर दिवस मावळेल. इंधन अडलं. पंपाच्या सीलची एक कडी मिळेना, तर सगळं केंद्र तिच्यासाठी अडून बसलं. गावात वीज येई आणि जाई, जास्त करून जाईच. माईंनी तोंडात टॉर्च धरून बाळंतपणं केली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे दादा परदेशी म्हटलं की ताकाच्या भांड्यालाच हात लावत नसत.

तेव्हा माईंनी आपलं एक शहाणपण केलं. दादांना न विचारता त्यांनी रविवारी दुपारी जेवायला त्या परदेशी कंपनीच्या इथल्या मुख्य इंजिनिअरलाच बोलावलं. भांडायचंच असेल तर भिंतीशी कशाला, माणसाशी भांडा.

तो आला तेव्हा दारात वाकावं लागलं त्याला. वर्षभर गावात राहून आपली भाषा पुस्तकातून शिकलेला, हसरा, आणि हात गुडघ्यापर्यंत. आप्पांनी त्याला पहिल्याच भेटीत शिडी म्हटलं होतं, तेव्हापासून सगळं गाव त्याला शिडीसाहेब म्हणे आणि त्याला ते पदवीसारखं वाटे. आप्पा म्हणजे दादांचे वडील. नव्वदीला टेकलेले, कानानं अर्धे गेलेले, पण जिभेनं शाबूत. पहिल्या भट्टीच्या घुमटाचं काँक्रीट त्यांच्या देखरेखीखाली पडलं होतं, त्यामुळे ते केंद्र आपल्याच मालकीचं आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

"या शिडीसाहेब," आप्पा म्हणाले, "वरचा पंखा जरा पुसून द्या, जेवण तयार होईपर्यंत."

पाहुण्यानं खरंच खिशातून रुमाल काढला तेव्हा माईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दादा खोलीतून बाहेर आले, पाहुण्याला पाहिलं, माईंकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत रात्रीच्या भांडणाची आगाऊ नोंद करून टाकली. पण घरी आलेल्या माणसाशी वाकडं वागायची त्यांची जात नव्हती. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर घडी घातलेल्या पेपरासारखे बसून राहिले.

त्यांची उणीव भावोजींनी भरून काढली. भावोजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, गावाच्या टोकाला लेथचा कारखाना चालवणारे. शिडीसाहेबाच्या भोवती ते असा पिंगा घालू लागले, की माईंना हसू आवरेना. भागीदारी म्हणजे कशी गंगाच दारी आली, नवी यंत्रं येतील, तरणी पोरं चार गोष्टी शिकतील, आपल्या कारखान्याचे व्हॉल्व्ह मोठ्या भट्टीत बसतील, हे सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. परदेशात आधी चालून पाहिलेलं यंत्र घ्यावं, प्रत्येक वेळी चाक नव्यानं कशाला शोधायचं, असंही वर म्हणाले.

"परक्याच्या ओंजळीनं पाणी पिणारा तहानलेलाच राहतो," दादा पंख्याकडे बघत म्हणाले.

गंमत अशी, की भावोजींचा कारखाना उभा राहिला तोच मुळी परके निघून गेले म्हणून. ती अडलेली सीलची कडी भावोजींनी लेथवर घासून घासून, पन्नासदा बिघडवून, शेवटी बसवली होती. आणि आता भावोजी परक्यांच्या बाजूनं बोलत होते, आणि ज्यांना परक्यानं हाताला धरून शिकवलं ते दादा विरुद्ध. हे दोघे भाऊ जन्मात एका बाजूला आले नव्हते. एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्याचं पश्चिम ठरलेलं, मग सूर्य कुठूनही उगवो.

माई आत गेल्या. चिंगी भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी उभी होती. पाहुणा येणार म्हणून रोजच्या दुप्पट भात टाकला होता. माईंनी काकडी चिरायला घेतली. तेवढ्यात दादा पाण्याचा तांब्या भरायला आत आले, पातेल्यातल्या आवाजाकडे सवयीनं कान दिला, आणि चाळीस वर्षांची जीभ रुसव्याच्या आधी हलली.

"गॅस बंद कर."

"गॅस बंद करते," चिंगी म्हणाली. पटकन, आणि जरा जास्तच आनंदानं.

 बोलले बाई एकदाचे, असं माईंना वाटलं. नेमकी तेव्हाच बाहेरून आप्पांची हाक आली, चष्मा कुठे म्हणून, आणि माई उठून गेल्या. चष्मा आप्पांच्या कपाळावरच होता.

जेवणाचं टेबल मांडून झालं. चिंगी डोळे धुऊन आल्यासारखी लाल नाकानं येऊन बसली. माईंनी सूप वाढलं. आणि भावोजींनी, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना, शिडीसाहेबाला सहज विचारलं, की आमचे व्हॉल्व्ह तुम्हाला नव्यातल्या पहिल्या भट्टीसाठी किती लागतील.

शिडीसाहेबानं चमचा खाली ठेवला. पहिल्या भट्टीचे व्हॉल्व्ह आमच्या देशातूनच येणार, तो म्हणाला. करारात तसंच आहे. दुसरीच्या वेळी निम्मे इथले.

भावोजींच्या चेहऱ्यावरची गंगा तिथल्या तिथं आटली. म्हणजे पहिली पंगत तुमची, आणि आम्ही खरकटं काढायचं, असं ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांना एकदम स्वाभिमान आठवला. परकं ते परकंच. आपला हात जगन्नाथ. दादा जे सांगतो ते काही उगाच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ आपल्या बाजूला आलेला पाहून दादा पार बावरले. आणि त्या गडबडीत, सवयच ती, त्यांनी पाहुण्याची बाजू घेतली. म्हणाले, की पहिल्या भट्टीत कोण कुणाचा न जोखलेला व्हॉल्व्ह बसवेल, आपणसुद्धा बसवला नसता.

आप्पांना ऐकू कमी यायचं, पण त्यांना दिसायचं सगळं. ते मिशीत हसले.

तेवढ्यात शिडीसाहेबानं मान वर करून नाक ओढलं. धूर आधी वरच जातो, तेव्हा घरात त्यालाच पहिल्यांदा कळणार. दोन ढांगांत तो स्वयंपाकघराच्या दारात पोचला. मागोमाग सगळे धावले. भाताचं पातेलं तडतडत होतं, झाकणाखालून करड्या धुराचे लोट निघत होते, आणि शेगडी ढणढणा पेटलेली. शिडीसाहेब तिच्यासमोर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होता.

"दादासाहेब," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "गॅस बंद करू काय?"

"अहो करा की!" माई ओरडल्या. पण त्यानं माईंकडे बघितलंही नाही. तो दादांकडे बघत होता.

"गॅस बंद करा," दादा म्हणाले.

"गॅस बंद करतो." आणि थांबला. भात जळतोय, धूर डोळ्यांत जातोय, आणि हा उंटासारखा माणूस मान वाकवून उभा.

"बरोबर," दादा म्हणाले.

तेव्हा कुठे त्यानं बटण फिरवलं.

 मग दादांनी विचारलं, की भल्या माणसा, हात पुढं करून बंद का नाही केलास. शिडीसाहेब जरा लाजला. म्हणाला, शेगडी तुमची आहे. दुसऱ्याच्या केंद्रात विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी शिकाऊ असताना एकदा लावला होता, तर माझ्या गुरूनं मला महिनाभर नुसता झाडू मारायला ठेवलं.

दादा त्याच्याकडे बघतच राहिले. असा झाडू त्यांनीही मारला होता. मास्तरनंच मारायला लावला होता.

खिडक्या उघडल्या, वरचा वरचा भात काढून घेतला, तो धुरकट होता पण खाण्याजोगा होता, आणि खालचा करपलेला पातेल्यालाच राहिला. सगळे परत टेबलाशी बसले. आणि मग, केंद्रात जी रीत होती तीच या घरात होती, चौकशी सुरू झाली. काही बिघडलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, काय काय झालं ते ज्यानं त्यानं क्रमानं सांगायचं, आणि कोण चुकलं हे विचारायचं नाही, काय चुकलं ते शोधायचं. घरात काचेची बरणी फुटली तरी चौकशी व्हायची. अध्यक्षपद अर्थातच आप्पांकडे.

"हं," आप्पा चमच्यानं टेबल वाजवत म्हणाले, "भात कसा जळला?"

माईंनी सांगितलं, की मी दोन वाक्यं ऐकली, गॅस बंद कर आणि गॅस बंद करते, आणि मी समजले काम झालं. तुम्ही मला चष्म्यासाठी हाक मारलीत. चष्म्याचा मुद्दा अध्यक्षांनी फेटाळून लावला.

मग चिंगीची पाळी आली. तिनं ताटातला करपलेला दाणा बोटानं बाजूला सारला.

"मी म्हणून दाखवलं. बटणावर हात ठेवून उभी राहिले. दादांनी माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि निघून गेले. 'बरोबर' आलंच नाही. हुकूम पुरा झाला नव्हता, म्हणून मी बटण फिरवलं नाही." ती थांबली. "आणि मग मला रडू आलं, म्हणून मी मोरीत गेले. तिथं भाताची आठवण राहिली नाही. हे माझं चुकलं."

दादा खाली बघत होते. एवढ्या वर्षांत, माईंना आठवत होतं, केंद्राच्या एकाही चौकशीत त्यांच्या नावावर काही आलं नव्हतं. आणि आज आलं ते भातावरून.

माईंना त्यांची दया आली. पण ही वेळ हातची घालवली तर उद्या सकाळी पोरगी नाही म्हणून मोकळी होईल, आणि मग हा माणूस उरलेला जन्म खिडकीत बसून कुढेल, हेही त्यांना दिसत होतं.

"मंगळवारीही हेच झालं," माई म्हणाल्या. "निरोप पुरता ऐकायच्या आधी तुम्ही उठलात. कंट्रोल रूममध्ये कुणी अर्धा हुकूम ऐकून खुर्ची सोडली असती, तर तुम्ही त्याचं काय केलं असतंत?"

माई थांबल्या नाहीत.

"आणि आपल्या घरात हे 'बरोबर' आणलं कुणी? तुम्ही. तुम्हाला दिलं कुणी? त्या मास्तरनं. नकाशे घेऊन गेला तो, पण हे नेता आलं का त्याला?"

 आप्पा पाव मोडून सुपात बुडवत होते. भावोजींनीसुद्धा तोंड उघडलं नाही, यावरून काय ती वेळ ओळखावी.

शेवटी दादा बायकोला म्हणाले, "तिला म्हणावं..." आणि थांबले. मान वळवून मुलीकडे बघितलं. "सांग. पुरतं सांग."

चिंगीनं सांगितलं. ती तिकडे नकाशे आणायला जाणार नव्हती. नकाशे काय, या वेळी ते पहिल्या दिवशी इथं येणार होते. इंधनही दहा वर्षं पुरेल इतकं आधीच आवारात येऊन पडणार होतं, त्यामुळे उद्या कुणाचं कुणाशी फाटलं तरी भट्टी उपाशी राहणार नव्हती. पण तिला हवं होतं ते वेगळंच. भट्टीची भिंत एवढीच जाड का, पंप याच क्रमानं का बंद करायचे, पाणी इतकंच का, हा सगळा हिशेब जिथं मांडला जातो, त्या डिझाइन ऑफिसात आपली माणसं बसली पाहिजेत, असं तिनं बोलणी चालू असतानाच लावून धरलं होतं. कंपनी दोनदा नाही म्हणाली. ती दोनदा उठून आली. तिसऱ्यांदा त्यांनी मान्य केलं, आणि आता त्या ऑफिसात दर टेबलाला दोन खुर्च्या असणार होत्या, एक त्यांची, एक आपली. आपल्या खुर्च्यांवर बसायला साठ जण जायचे होते, चिंगी त्यांच्यासोबत.

"तुम्हीच सांगायचात ना," ती म्हणाली, "की मास्तरनं तुम्हाला 'कसं' ते सगळं शिकवलं आणि 'का' ते कधीच सांगितलं नाही. म्हणून ते गेल्यावर अकरा वर्षं लागली. मी 'का' आणायला जातेय, दादा."

दादांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्या 'का'मागचा प्रसंग माईंनाही पाठ होता. जुनी भट्टी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी एक व्हॉल्व्ह आधी का मिटायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ज्या कागदावर ते होतं तो कागद बसमधून गेला होता. दादांनी तो नंतर मिटला आणि भट्टी धाडकन आपोआप बंद पडली. कुणाला काही झालं नाही, आणि चौकशीत चूक त्या गेलेल्या कागदाचीच ठरली. पण त्या दिवशी घरी आल्यावर दादा अंघोळीच्या पाण्यात हात बुडवून नुसते बसून होते.

त्यांनी खुर्ची शिडीसाहेबाकडे वळवली. प्रश्न त्यांनी सरळ विचारला. उद्या तुमच्या सरकारनं बोलावलं तर तुम्ही काय कराल?

चिंगीनं डोळे मिटले. माईंनी मनात म्हटलं, बाबा रे, आता गोड काहीतरी बोल.

शिडीसाहेबानं गोड काही म्हटलं नाही. "बोलावले तर मी जाईन," तो पुस्तकी भाषेत, शब्द निवडत म्हणाला. "मला जावेच लागेल. थांबेन असे वचन दिले तर ते खोटे होईल. आणखी एक सांगतो. अपघात झाला तर भरपाई कोणी किती द्यायची, यावर आपले वकील आणि आमचे वकील अजून भांडत आहेत. ते मिटल्याशिवाय आपण पहिला दगडसुद्धा ठेवू देऊ नका." मग त्यानं चिंगीकडे बोट दाखवलं. "पण हिच्या डोक्यात जे जाईल, ते मी बसमध्ये घालून नेऊ शकत नाही."

भावोजी म्हणाले, माणूस खरा दिसतो. मग दादांनी आपल्याकडे बघितलेलं पाहून त्यांनी घाईनं जोडलं, व्हॉल्व्हचं सोडून.

दादा उठले. माईंना वाटलं, गेले, परत गेले. पण ते स्वयंपाकघरात गेले, करपलेलं पातेलं घेऊन आले आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. कालथ्यानं तळाची खरपुडी खरवडली, एक तुकडा पाहुण्याच्या ताटात टाकला, एक आपल्या.

"आमच्या मास्तरला करपलेला भात आवडायचा," ते म्हणाले. "मुद्दाम करपवायचा तो. मी कधी कुणाला सांगितलं नाही."

शिडीसाहेबानं तुकडा चावला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मला आवडला नाही. आप्पांना हे बरोबर ऐकू गेलं. ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि भावोजींना त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. हसता हसता सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि कोण कशानं रडतंय हे विचारायची सोय राहिली नाही.

हसणं ओसरलं तेव्हा दादा अजून उभेच होते. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, जसे ते कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सुरू करताना उभे राहत. माईंनी त्यांना तसं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चिंगे," ते म्हणाले. मंगळवारनंतर पहिल्यांदा तिचं नाव त्यांच्या तोंडून आलं. "जा. सगळं 'का' शीक. आणि परत ये."

चिंगी उठून उभी राहिली. साठ माणसांची प्रमुख, पण आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला होता.

"जाते," ती म्हणाली. "सगळं 'का' शिकते. आणि..." तिथं तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं. "आणि परत येते."

आता फक्त एक शब्द उरला होता. दादांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. ओठ हलले, डोळे वाहू लागले, पण शब्द काही येईना. चिंगी हात बांधून उभी. शिडीसाहेब खुर्चीच्या कडेला येऊन बसलेला, त्याला या शब्दाची किंमत घरातल्यांइतकीच ठाऊक होती. भावोजी भावाच्या तोंडाकडे बघत होते, आणि माईंनी टेबलाखाली पदराचा पीळ घट्ट धरला होता.

आप्पांनी चमच्यानं टेबल वाजवलं.

"अरे म्हण की लवकर," ते म्हणाले. "मघाशी भात गेला."

"बरोबर," दादा म्हणाले.

मग कुठे ती जागची हलली, आणि टेबलाला वळसा घालून बापाच्या गळ्यात पडली.